ट्यूब्युलिनवरील रासायनिक खुणा व त्यांचे पेशीतील कार्य

गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव व नागझिरा येथील वनांच्या कडेने पावसाळ्यात एक वेल फुललेली आढळते. तिच्या पानांचे शेंडे वळून त्यांचे ताणे बनतात व त्यांच्या आधाराने ती झुडुपांवर चढते. पाकळ्या बुडाशी पिवळ्या, टोकाशी तांबड्या आणि ज्वाळेप्रमाणे वर वळलेल्या असतात. हीच कळलावी. तिचा कंद व बी विषारी असून त्या विषातील प्रमुख द्रव्य कोल्चिसीन हे होय. आपल्या विद्यार्थ्यांना हे द्रव्य रानातून नव्हे, तर प्रयोगशाळेतून परिचित असते. कांद्याच्या मुळाची टोके कोल्चिसिनाच्या विद्रावात काही तास ठेवली असता पेशीविभाजन मध्यावस्थेशी अडते व गुणसूत्रे विखुरलेली दिसतात, हा प्रयोग बहुतेकांनी केलेला असतो.

गुणसूत्रे ओढून नेणारा तर्कू ज्या सूक्ष्मनलिकांचा बनलेला असतो, त्यांच्या घटकप्रथिनाला कोल्चिसीन चिकटते व नलिकांची बांधणी थांबविते. किंबहुना या प्रथिनाचा शोधच त्या चिकटण्यामुळे लागला. १९६७ मध्ये शिकागो येथे बोरिसी व टेलर यांनी किरणोत्सर्गी कोल्चिसीन वापरून ते पेशीतील कोणत्या प्रथिनाशी बांधले जाते हे दाखविले. १९६८ मध्ये जपानी शास्त्रज्ञ मोहरी यांनी त्या प्रथिनास ट्यूब्युलिन हे नाव सुचविले. ट्यूब्युलिनाशी बांधले जाताच कोल्चिसीन प्रस्फुरण करू लागते, हे १९७४ मध्ये भवतारक भट्टाचार्य व वुल्फ यांनी नोंदविले. भट्टाचार्यांनी पुढे कलकत्त्याच्या बोस संस्थेत याच विषयाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला.

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे, कारण उत्तरपत्रिकांतून त्याची गल्लत वारंवार आढळते. कोल्चिसीन ट्यूब्युलिनाशी बांधले जाते, परंतु त्याची रासायनिक घडण बदलीत नाही. शाळांतून मुलांना जंतांवर देण्यात येणारे अल्बेंडॅझोलही असेच जंताच्या बीटा-ट्यूब्युलिनावर जाऊन बसते. प्रस्तुत लेखाचा विषय याहून निराळा आहे. प्रथिन तयार झाल्यानंतर पेशी स्वतःच्या एंझाइमांकरवी त्यावर सहसंयुजी बंधाने गट जोडते अथवा त्यातून काढून घेते. हे रासायनिक फेरबदल म्हणजे नलिकेवर पेशीने केलेल्या खुणाच होत.

अल्फा व बीटा हे दोन उपघटक मिळून ट्यूब्युलिनाचा सुमारे ८ नॅनोमीटर लांबीचा एक जोड होतो. असे जोड एकापुढे एक लागून तंतू बनतात व बहुधा १३ तंतू शेजारी शेजारी मिळून २५ नॅनोमीटर व्यासाची पोकळ नलिका होते. प्रत्येक उपघटकाची कार्बॉक्सिल टोकाकडील शेपटी नलिकेच्या बाहेर लोंबत असते. ती ऋणभारित असून बहुतेक खुणा तिच्यावरच आढळतात.

पहिल्या खुणेचा शोध अर्जेंटिनातील कॉर्दोबा येथे लागला. १९७३ मध्ये बार्रा, कापुत्तो व त्यांचे सहकारी उंदराच्या मेंदूच्या अर्कात किरणोत्सर्गी ॲमिनो अम्ले घालून ती प्रथिनात शिरतात की नाही हे पाहत होते. आर्जिनीन शिरत होते, परंतु रायबोन्यूक्लिएज घालताच ते थांबे. अर्थात त्या क्रियेला आरएनएची गरज होती. टायरोसिनावर मात्र रायबोन्यूक्लिएजचा काहीच परिणाम होईना. म्हणजे प्रथिनसंश्लेषणाच्या नेहमीच्या मार्गाला पूर्णपणे वगळून एखादे ॲमिनो अम्ल तयार प्रथिनाच्या टोकाला जोडले जात होते! ते प्रथिन ट्यूब्युलिन असल्याचे लवकरच सिद्ध झाले. अल्फा उपघटकाच्या शेवटी मुळातच टायरोसीन असते. एक एंझाइम ते काढून टाकते व दुसरे ते पुन्हा जोडते. जोडणारे एंझाइम १९८० नंतरच्या दशकात शुद्ध स्वरूपात हाती आले. काढणाऱ्याचा शोध मात्र सुमारे चाळीस वर्षे चालला. १९७० नंतरच्या दशकापासून ज्याची क्रिया ठाऊक होती त्या एंझाइमाची ओळख २०१७ मध्ये पटली. रक्तवाहिन्यांच्या वाढीच्या संदर्भात आधीच ज्ञात असलेली व्हॅसोहिबिन नावाची प्रथिनेच हे काम करतात, असे दोन स्वतंत्र गटांना आढळून आले.

काढणारे एंझाइम प्रामुख्याने बांधलेल्या नलिकेवर काम करते, तर जोडणारे सुट्या जोडावर. याचा परिणाम असा की, नवी नलिका टायरोसीनयुक्त असते आणि दीर्घकाळ टिकलेली नलिका टायरोसीनरहित होत जाते. यावरून अनेकांनी असे अनुमान काढले की, टायरोसीन काढल्यामुळे नलिका स्थिर होते. प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयातील सर्वांत दृढ झालेला गैरसमज तो हाच. १९८८ मध्येच खवाजा, गुंडरसन व बुलिन्स्की यांनी दाखवून दिले होते की, अशा नलिकांचे स्थैर्य हे टायरोसीन निघून जाण्याच्या प्रमाणाचे थेट फळ नव्हे. जुन्या झाडावर शेवाळे असते म्हणून शेवाळ्याने झाड जगविले असे आपण म्हणत नाही. तथापि गोष्ट येथेच संपत नाही. नलिकेची टोके मोडणारी कायनेसिन-१३ वर्गातील प्रथिने टायरोसीनरहित नलिकेवर कमी प्रभावी ठरतात, असे २००९ मध्ये आढळले. म्हणजे खुणेचा परिणाम घडतो तो तिला ओळखणाऱ्या प्रथिनांच्या द्वारे.

हृदयाच्या स्नायुपेशींत या खुणेला प्रत्यक्ष वैद्यकीय महत्त्व आले आहे. टायरोसीनरहित नलिका डेस्मिनाच्या जाळ्याला बांधल्या जाऊन प्रत्येक आकुंचनास विरोध करतात. निकामी होत चाललेल्या मानवी हृदयांतून घेतलेल्या पेशींत या नलिकांचे प्रमाण वाढलेले असते. ते कमी केल्यास पेशी मऊ होऊन अधिक चांगल्या आकुंचन पावतात, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. त्या प्रयोगांत कोल्चिसिनाचाही उपयोग करण्यात आला होता. अर्थात हा प्रयोग काचपात्रातील पेशींवरचा आहे, आणि कळलावीच्या कंदाने माणसे दगावतात हे आपल्या भागात कोणास सांगावयास नको.

दुसरी खूण ॲसिटिल गटाची. ती अल्फा उपघटकाच्या चाळिसाव्या स्थानावरील लायसिनावर, म्हणजे नलिकेच्या आतल्या बाजूस असते व प्रथम क्लॅमिडोमोनस या शैवलाच्या कशाभिकांत आढळली. ती जोडणारे एंझाइम २०१० मध्ये ज्ञात झाले. त्याला नलिकेच्या पोकळीत शिरून काम करावे लागते आणि त्याची क्रियाही अतिशय मंद असते. त्यामुळे जी नलिका अधिक काळ टिकते तिच्यावरच ही खूण दाट होते. हे एंझाइम नसलेले उंदीर जगतात, मात्र त्यांची स्पर्शसंवेदना मंदावलेली असते. येथेही खूण म्हणजे केवळ वयाचा दाखला असे कोणी म्हणेल. परंतु २०१७ मधील प्रयोगांनी दाखविले की, ॲसिटिलयुक्त नलिका वारंवार वाकविल्या तरी सहजासहजी तुटत नाहीत. म्हणजे हा दाखला तर आहेच, पण काही अंशी कारणही आहे.

तिसऱ्या खुणेचे प्रकरण सर्वांत गंभीर आहे. १९९० मध्ये एडे व त्यांच्या सहकाऱ्यांना उंदराच्या मेंदूतील अल्फा-ट्यूब्युलिनाच्या शेपटीवर ग्लुटामिक अम्लाची एक बाजूची फांदी आढळली. मुख्य साखळीतील ग्लुटामिक अम्लाच्या बाजूच्या कार्बॉक्सिल गटाला आणखी एक ग्लुटामिक अम्ल, त्याला आणखी एक, अशी ती लांबत जाते. प्रत्येक पायरीगणिक ऋणभार वाढतो. स्पॅस्टिन हे नलिका कापणारे प्रथिन या भाराकडे ओढले जाते. फांदी वाढते तसे कापणे वाढते, परंतु एका मर्यादेपलीकडे उलट कमी होते, असे २०१६ मध्ये दिसून आले. मेंदूतील चेतापेशींत ही खूण विपुल असते.

ती प्रमाणाबाहेर गेली तर काय होते? १९७६ मध्ये उंदरांच्या एका उत्परिवर्तित वंशाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यांत अनुमस्तिष्कातील पर्किंजे पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच नष्ट होत व पिल्लांचा तोल जाई. दोष कोणत्या जनुकात आहे हे २००२ मध्ये कळले. ते जनुक ग्लुटामिक अम्लाच्या फांद्या छाटणाऱ्या एंझाइमाचे आहे, हे २०१० मध्ये. छाटणी थांबल्यामुळे फांद्या वाढत जाऊन पेशी मरतात. २०१८ मध्ये याच जनुकात दोष असलेली मानवी बालके आढळली. लहानपणीच त्यांचे अनुमस्तिष्क क्षीण होऊ लागले होते. त्याच वर्षी फांद्या जोडणारे एक एंझाइम उंदरांतून काढून टाकले असता चेतापेशी वाचतात, हेही सिद्ध झाले. येथे मात्र कारण व परिणाम यांविषयी शंकेला जागा उरत नाही. खूण कमी केली की पेशी जगते.

ग्लायसिनाची साखळी प्रामुख्याने पक्ष्माभिका व कशाभिका यांतील नलिकांवर असते. ती पॅरामिशियमात १९९४ मध्ये सापडली. फॉस्फेट गट व इतर काही खुणाही ज्ञात आहेत, परंतु त्यांचा विचार येथे करीत नाही.

शेवटी प्रयोगाच्या दृष्टीने एक सूचना करावीशी वाटते. आपल्याकडील प्रयोगशाळांत ट्यूब्युलिन पुष्कळदा शेळीच्या मेंदूतून मिळवितात. ३७ अंश सेल्सिअसला नलिका बांधावयास लावावयाच्या, अपकेंद्रणाने वेगळ्या करावयाच्या, बर्फात त्या मोडावयाच्या व पुन्हा तेच करावयाचे, ही पद्धत सोपी व स्वस्त आहे. परंतु मेंदूतील ट्यूब्युलिन हे सर्व खुणांचे मिश्रण असते, तर हेला पेशींसारख्या संवर्धित पेशींतून मिळणारे ट्यूब्युलिन जवळजवळ खूणरहित असते. दोहोंवर मिळालेल्या निष्कर्षांची तुलना करताना हे विसरता कामा नये. या अडचणीवर मात करण्यासाठी मिन्हाजुद्दीन सिराजुद्दीन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये यीस्टच्या ट्यूब्युलिनाला मानवी शेपट्या जोडल्या, त्यांवर खुणाही कृत्रिम रीतीने बसविल्या आणि निरनिराळी मोटर-प्रथिने त्यांवर चालवून पाहिली. प्रत्येक मोटर शेपटीच्या भेदाला निराळा प्रतिसाद देते, असे त्यांना आढळले. सिराजुद्दीन यांनी पुढे हे संशोधन बंगलोर येथील मूलपेशी संस्थेत चालू ठेवले. आपल्या विभागात प्रतिपिंडाने केवळ ॲसिटिल खूण रंगवून नलिका स्थिर असल्याचा निष्कर्ष काढण्याची प्रथा आहे. त्याच काचपट्टीवरील पेशी आधी थंडीत किंवा कोल्चिसिनात ठेवून नलिका खरोखर टिकतात काय हे पाहण्यास फार तर एक दिवस अधिक लागेल.