विलग मानवी समूहांतील जननिक विविधता

विलग मानवी समूहांतील जननिक विविधता : भूगोल, भाषा, धर्म किंवा विवाहविषयक निर्बंध यांमुळे ज्या समूहातील विवाहसंबंध पिढ्यान्‌पिढ्या समूहातच होतात, त्यास आनुवंशिकीच्या दृष्टीने विलग समूह म्हणतात. असा समूह बेटावर वा दऱ्याखोऱ्यांतच असावा लागतो असे नाही; तापीकाठच्या एखाद्या भरवस्तीच्या गावात शेजारी-शेजारी नांदणाऱ्या दोन जातीही या अर्थाने परस्परांपासून विलग असू शकतात. एकाच जीनाची (आनुवंशिक लक्षणे ठरविणाऱ्या घटकाची) समूहात जी निरनिराळी रूपे आढळतात, त्यांवर त्याची जननिक विविधता अवलंबून असते.

प्रत्येक पिढीत सर्वांचीच संतती पुढे येत नाही. त्यामुळे काही रूपे केवळ योगायोगाने लोपतात, तर काहींचे प्रमाण वाढते. समूह जितका लहान, तितका हा योगायोग प्रबळ. तथापि येथे शिरगणतीची संख्या उपयोगी पडत नाही. अमेरिकन आनुवंशिकीविज्ञ सूअल राइट यांनी १९३१ मध्ये ‘परिणामी संख्या’ ही कल्पना मांडली. संतती देणारे २० पुरुष व ८० स्त्रिया असलेला शंभरांचा समूह जननिक दृष्ट्या ६४ व्यक्तींच्या समूहासारखा वागतो. संख्येतील चढउतार याहूनही महत्त्वाचे आहेत. लागोपाठच्या तीन पिढ्यांत १,०००, १०० व १,००० अशी संख्या असेल, तर त्या काळातील परिणामी संख्या सरासरीइतकी म्हणजे ७०० नसून केवळ २५० भरते. छप्पन्नच्या दुष्काळासारखी (विक्रम संवत १९५६, इ. स. १८९९–१९००) आपत्ती, जिची झळ खानदेशासही बसली, या दृष्टीने पाहावी लागते, लोकसंख्या पुन्हा भरून निघते, लोपलेली जीनरूपे मात्र परत येत नाहीत.

परिणामी संख्या ५० असल्यास दर पिढीस सु. १ टक्का, तर ५०० असल्यास सु. ०·१ टक्का विविधता नष्ट होते. अंतःप्रजननाचे तात्कालिक दुष्परिणाम टाळण्यास ५० व दीर्घकाळ विविधता टिकविण्यास ५०० ही किमान मर्यादा आय. आर. फ्रँक्लिन यांनी १९८० मध्ये सुचविली. हे आकडे प्राण्यांच्या संवर्धनाच्या विचारातून आलेले आहेत. मानवी समूहात अधूनमधून बाहेरून येणारी एखादी सूनही हा हिशेब बदलते, म्हणून ते येथे जसेच्या तसे लावणे उचित नव्हे.

मोठी संख्या हीदेखील सुरक्षिततेची खूण नाही. दक्षिण आशियातील २६३ समूहांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८१ समूह फिनलंडचे लोक व अश्केनाझी ज्यू यांच्याहूनही तीव्र अशा संस्थापक-घटनांतून, म्हणजे मोजक्या पूर्वजांपासून, वाढलेले आढळले. त्यांपैकी १४ समूहांची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक होती.

खानदेशात या प्रश्नाचे व्यावहारिक स्वरूप सातपुड्यात दिसते. शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांत आणि १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात भिल्ल व पावरा यांची वस्ती आहे. महाराष्ट्रातील आदिवासींच्या सर्वेक्षणांत या दोन्ही जमातींमध्ये सिकलसेल (दात्रकोशिका) विकाराच्या जीनाचे प्रमाण मोठे, सु. २० ते ३५ टक्के व्यक्तींमध्ये, आढळले आहे. हा जीन रक्तारुणातील (हीमोग्लोबिनातील) एकच ॲमिनो अम्ल बदलतो. तो एका पालकाकडून आल्यास व्यक्ती वाहक असते, रोगी नव्हे. उलट तिला घातक हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. हिवतापाच्या मुलखात हा जीन टिकून राहिला, तो मुख्यतः यामुळे. त्याचे सर्व खापर अंतर्विवाहावर फोडण्याचा प्रघात म्हणूनच अर्धसत्य होय.

भिल्ल व पावरा यांच्यात एका कुळात विवाह निषिद्ध आहे. परंतु कुळे निराळी असली तरी जमात एकच राहते आणि जीन सर्व कुळांत पसरलेला असल्यास हे बंधन त्यास अडवू शकत नाही. वाहकांचे प्रमाण २० टक्के धरल्यास शंभरांपैकी सु. चार जोडप्यांत दोघेही वाहक असतील आणि त्यांच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता २५ टक्के राहील. म्हणजेच दर शंभर जन्मांमागे सु. एक बालक तीव्र वेदनांचे झटके, पांडुरोग व वारंवार जंतुसंसर्ग घेऊन वाढेल.

वाहकाशी लग्नच नको, अशी भीती अनाठायी आहे. दोन वाहकांच्या विवाहापूर्वी दोघांना आपली स्थिती ठाऊक असणे एवढेच आवश्यक असते. त्यासाठी रक्ताची साधी विद्राव्यता चाचणी पुरते, पण वाहक व रोगी यांतील भेद तीवरून कळत नाही. तो विद्युत्‌संचारण किंवा तत्सम चाचणीने निश्चित करावा लागतो. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी आरंभिलेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत बाधित प्रदेशांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी व विवाहपूर्व समुपदेशन यांचा समावेश आहे.