खेळातील न्याय – लेखांक ६ : क्लबची शिक्षा आणि रिकामी ठेवलेली ओळ

मागील लेखांकात खेळाडूने स्वतःच्या बळावर केलेल्या गैरप्रकारांचा, म्हणजे उत्तेजक द्रव्यांचा आणि सट्ट्याचा विचार झाला. तेथे ज्याने चूक केली तोच शिक्षा भोगत असल्यामुळे न्यायाचा हिशेब तुलनेने सरळ होता. क्लबवर आरोप आला की हा सरळपणा राहत नाही, कारण फुटबॉलमधला क्लब ही एकाच वेळी एक कंपनी असते, अकरा जणांचा संघ असतो आणि एखाद्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या जपलेला अभिमानही असतो. लबाडी बहुधा कंपनीच्या कचेरीत शिजते, सामने संघ खेळतो, आणि शिक्षेची झळ सर्वाधिक लागते ती दर रविवारी तिकीट काढून येणाऱ्या माणसाला, ज्याला त्या कचेरीचा दरवाजाही ठाऊक नसतो. फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये शिक्षेवरून जे कडाक्याचे वाद होतात, त्यांचे मूळ या तिहेरी स्वरूपात आहे; ‘क्लबला शिक्षा व्हावी’ असे म्हणणारे दोघे जण ‘क्लब’ या शब्दाने दोन निरनिराळ्या गोष्टी दर्शवत असतात आणि तासभर भांडूनही ते एकमेकांच्या मुद्द्याला भिडत नाहीत.

क्लबला देण्याजोग्या मुख्य शिक्षा मोजक्याच आहेत. दंड, गुणकपात (गुणतक्त्यातील कमावलेले गुण वजा करणे), खालच्या श्रेणीत रवानगी, मिळालेले विजेतेपद काढून घेणे आणि स्पर्धेतून बंदी. यांपैकी दंडाबद्दल फारसे बोलण्याचे कारण नाही, कारण श्रीमंत क्लब तो भरतो आणि विसरतो. खरा वाद उरलेल्यांवर होतो. त्यांचा कायदेशीर पाया इटलीच्या क्रीडासंहितेत सर्वांत स्पष्टपणे मांडलेला दिसतो. ही संहिता क्लबची जबाबदारी दोन प्रकारची मानते. क्लबच्या वतीने सही करण्याचा अधिकार ज्यांना आहे अशा पदाधिकाऱ्यांनी केलेले कृत्य हे क्लबनेच केलेले समजले जाते, आणि अशा जबाबदारीला ‘थेट जबाबदारी’ म्हणतात. इतर कर्मचारी, सभासद किंवा खेळाडू यांच्या कृत्यासाठी, क्लबला त्याची खबर नसली तरीही, क्लबला जे उत्तर द्यावे लागते ती ‘वस्तुनिष्ठ जबाबदारी’ होय. नेहमीच्या फौजदारी न्यायात दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी माणसाला शिक्षा होत नाही, म्हणून ही दुसरी कल्पना अनेकांना अन्यायाची वाटते. परंतु ती नसती तर प्रत्येक क्लबने एखाद्या मध्यस्थाकरवी काम साधून घेऊन नंतर हात झटकले असते.

या तत्त्वाची सर्वांत मोठी कसोटी २००६ साली लागली. त्या वर्षीच्या मे महिन्यात इटलीच्या वृत्तपत्रांत दूरध्वनी संभाषणांचे उतारे छापून येऊ लागले, आणि त्यांतून उघड झालेल्या प्रकरणाला ‘काल्चोपोली’ हे नाव पडले. ‘काल्चो’ म्हणजे फुटबॉल, आणि ‘पोली’ हे शेपूट ‘तांजेन्तोपोली’ या शब्दातून, म्हणजे १९९२ साली इटलीचे राजकारण हादरवणाऱ्या लाचखोरीच्या प्रकरणावरून आले. तुरीनच्या युव्हेंटस क्लबचे महाव्यवस्थापक लुचानो मोजी हे सामन्यांवर पंच नेमणाऱ्या अधिकाऱ्यांशी, प्रामुख्याने पाओलो बेर्गामो आणि पिएरलुइजी पायरेत्तो यांच्याशी, सातत्याने बोलत होते, कोणत्या सामन्याला कोण पंच असावा यावर मत देत होते, आणि त्यांच्यापैकी काहींना त्यांनी परदेशी सिमकार्डे दिली होती. युव्हेंटसबरोबरच मिलान, फिओरेन्तिना, लाझिओ आणि रेजिना हे क्लबही चौकशीच्या फेऱ्यात आले.

येथे एक प्रसंग जवळून पाहणे उपयोगी ठरते, कारण पुढच्या सगळ्या वादाचे बीज त्यात आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये युव्हेंटसचा संघ रेजिनाकडून १–२ असा हरला. सामना संपल्यावर मोजी पंचांच्या खोलीत शिरले आणि त्यांनी पंच जानलुका पापारेस्ता यांना फैलावर घेतले. त्यानंतर दूरध्वनीवर बोलताना आपण पंचांना खोलीत कोंडून किल्ली बरोबर नेल्याची फुशारकी मोजी यांनी मारली. हे वाक्य छापून येताच साऱ्या देशाला पंच कुलपाआड बसलेले दिसू लागले. पुढे तपासात मात्र असे कोंडणे घडलेच नव्हते असा निष्कर्ष निघाला. एका बाजूच्या चाहत्यांनी या निष्कर्षावरून सारे प्रकरण फुगवलेले ठरवले, तर दुसऱ्या बाजूने असे विचारले की, ज्या क्लबचा महाव्यवस्थापक अशी बढाई मारू शकतो त्या क्लबचे आणि पंचांचे नाते निरोगी कसे मानावे? दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न पुराव्याच्या एका तुकड्यावर सुटणारा नव्हता.

क्रीडा न्यायाधिकरणाने युव्हेंटसला दोषी ठरवले ते अमुक एक सामना अमुक रकमेला विकत घेतला म्हणून नव्हे. सचोटीने वागण्याच्या कर्तव्याचा अनेक वेळा झालेला भंग एकत्र पाहिला असता त्यातून गुणतक्त्यावर प्रभाव टाकणारी एक रचनाच उभी राहते, असा त्या निर्णयाचा तर्क होता. युव्हेंटसचे पाठीराखे आजही नेमके येथेच बोट ठेवतात आणि एकही सामना ‘बनवलेला’ सिद्ध झालेला नसताना एवढी शिक्षा कशी, असे विचारतात. हा आक्षेप प्रामाणिक आहे, तरीही तो पुरेसा नाही. पंच कोण असावा हे ठरवण्याच्या प्रक्रियेपाशी एका क्लबचा माणूस रोज बसलेला असेल, तर प्रत्येक सामन्याचा निकाल वेगळा तपासण्यात अर्थ उरत नाही. विहिरीतच घाण मिसळली असताना कोणत्या घागरीतले पाणी गढूळ आहे याचा शोध घ्यायचा नसतो.

फिर्यादी स्तेफानो पालाझी यांनी युव्हेंटसला दुसऱ्या श्रेणीच्याही खाली ढकलण्याची मागणी केली होती. १४ जुलै २००६ रोजीच्या पहिल्या निकालात क्लबची ‘सेरी आ’ या अव्वल श्रेणीतून ‘सेरी बी’मध्ये रवानगी झाली, ३० गुणांची कपात झाली आणि २००५ व २००६ ची दोन्ही विजेतेपदे गेली. अपिलात कपात १७ गुणांवर आली आणि ऑक्टोबरमध्ये लवादाने ती ९ वर आणली. लाझिओ आणि फिओरेन्तिना यांना पहिल्या निकालाने खाली धाडले होते, पण अपिलाने दोघांनाही अव्वल श्रेणीत परत घेतले. मिलानला आधीच्या हंगामाचे ३० गुण गमवावे लागले, नव्या हंगामात वजा ८ गुणांवरून सुरुवात करावी लागली, तरीही युरोपीय स्पर्धेच्या पात्रता फेरीचे दार त्याच्यासाठी उघडेच राहिले; आणि २३ मे २००७ रोजी अथेन्समध्ये लिव्हरपूलला २–१ असे हरवून तोच क्लब युरोपचा विजेता झाला. शिक्षेचे आकडे बाजारातल्या घासाघिशीसारखे महिन्यामहिन्याला खाली येताना दिसले, की त्या शिक्षेमागचा विचारही तसाच सैल असावा असे लोकांना वाटू लागते. या प्रकरणात न्यायाची प्रतिष्ठा सर्वाधिक खालावली असेल तर ती या घसरणीने, मूळ निर्णयाने नव्हे.

या सगळ्या काळात इटलीचा राष्ट्रीय संघ जर्मनीत विश्वचषक खेळत होता आणि ९ जुलैला, पहिल्या निकालाच्या अवघे पाच दिवस आधी, त्याने तो बर्लिनमध्ये जिंकला. त्या संघात बुफॉन, कान्नावारो, झाम्ब्रोत्ता, कामोरानेसी आणि देल पिएरो हे युव्हेंटसचे पाच खेळाडू होते. देशाला एवढे वैभव मिळवून देणाऱ्यांच्या क्लबला माफी द्यावी, असा सूर त्या दिवसांत उमटला. भावना समजण्याजोगी असली तरी तिच्यामागचा हिशेब चुकीचा होता, कारण खेळाडूंच्या पराक्रमाने पदाधिकाऱ्यांची कृत्ये धुऊन निघत नाहीत.

शिक्षेचा परिणाम मात्र याच खेळाडूंवर झाला. कान्नावारो आणि एमर्सन रेआल माद्रिदकडे, झाम्ब्रोत्ता आणि थुराम बार्सिलोनाकडे, इब्राहिमोविच आणि व्हिएरा मिलान शहरातल्याच इंटर या दुसऱ्या क्लबकडे गेले. देल पिएरो, बुफॉन, नेदवेद, त्रेझेगे आणि कामोरानेसी राहिले. सप्टेंबर २००६ मध्ये रिमिनी या समुद्रकाठच्या गावातल्या छोट्या मैदानावर, सर्वांत अधिक वेळा इटलीचा विजेता ठरलेला हा क्लब दुसऱ्या श्रेणीतला पहिला सामना खेळला आणि तो १–१ असा बरोबरीत सुटला. दिदिए देशाँ यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने ती श्रेणी जिंकली आणि वर्षभरात वर आला. देल पिएरो २० गोल करून त्या श्रेणीत अव्वल ठरला. श्रेणीतून खाली धाडण्याची शिक्षा चाहत्यांवर अन्याय करते हे खरे असले, तरी तिच्याइतकी प्रामाणिक शिक्षा दुसरी नाही, कारण ती मैदानावर खेळून फेडता येते, आणि त्या फेडण्यात चाहत्यालाही वाटा मिळतो. लहान मैदानांवर संघामागे हिंडलेल्या माणसाला ते वर्ष लाजेचे न वाटता निष्ठेचे वाटू शकते. दंड भरणाऱ्याला असे काहीच मिळत नाही.

चाहत्यांची निष्ठा नेहमी अशी उजळ असते असे मात्र नाही. मे १९९३ मध्ये फ्रान्सच्या मार्सेय क्लबने युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्याआधी अवघे सहा दिवस वालांसिएनशी लीगमधला सामना खेळला. मार्सेयचे खेळाडू थकू नयेत आणि जखमी होऊ नयेत म्हणून वालांसिएनच्या काही खेळाडूंना सौम्यपणे खेळण्यासाठी पैसे देऊ करण्यात आले, आणि ती गोष्ट झाक ग्लासमान या वालांसिएनच्याच खेळाडूने उघड केली. नंतर अडीच लाख फ्रँकांची रोकड एका बागेत पुरलेली सापडली. मार्सेयचे त्या वर्षीचे फ्रेंच विजेतेपद गेले, पुढच्या वर्षी क्लबला दुसऱ्या श्रेणीत जावे लागले आणि क्लबचे अध्यक्ष बेर्नार तापी यांना कारावास झाला. ग्लासमान यांना मात्र फ्रान्सच्या मैदानांवर प्रेक्षकांनी हुर्यो देऊन हैराण केले. १९९५ साली फिफाने त्यांना निकोप खेळासाठीचा पुरस्कार दिला, पण खरे बोलणाऱ्याला गर्दीने दिलेली ती शिक्षा कोणत्याही न्यायाधिकरणाने दिलेली नव्हती आणि ती कमी करण्यासाठी कोठे अपीलही करता येत नव्हते. शिक्षेचा वाद करणाऱ्या चाहत्यांनी हा भाग आपल्या बाजूच्या हिशेबात धरला पाहिजे.

शिक्षेचे मोजमाप आधी ठरलेले नसले की काय होते, हे अलीकडे इंग्लंडमध्ये दिसले. तोट्याची तीन हंगामांची मर्यादा १९५ लाख पौंडांनी ओलांडल्याबद्दल नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हर्टनचे १० गुण कापले गेले; पुढच्याच घरच्या सामन्याला त्याच्या चाहत्यांनी गुडिसन पार्कवर तेथील अव्वल लीगच्या बोधचिन्हाखाली ‘भ्रष्ट’ असा शब्द छापलेले गुलाबी फलक हजारोंच्या संख्येने उंचावले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मँचेस्टर सिटीवर आर्थिक नियम मोडल्याचे ११५ आरोप ठेवले गेले होते, क्लबने ते नाकारले होते आणि त्यांचा निकाल लागलेला नव्हता. एकाची शिक्षा झाली आणि दुसऱ्याची सुनावणीही झाली नाही, हा एव्हर्टनच्या पाठीराख्यांचा मुख्य आक्षेप होता. कपात पुढे अपिलात ६ गुणांवर आली. प्रकरण जितके गुंतागुंतीचे तितका वेळ लागणार हे मान्य केले, तरी लहान क्लबचा निकाल लवकर आणि मोठ्या क्लबचा उशिरा लागत राहिला तर नियम बरोबर असूनही न्याय झाल्यासारखा वाटत नाही.

गोव्यातल्या वाचकांना याहून साधे आणि ढळढळीत उदाहरण परिचयाचे असेल. २००४ साली तेथील द्वितीय श्रेणीच्या लीगमध्ये वरच्या श्रेणीत जाण्यासाठी कुडतरी जिमखाना आणि विल्फ्रेड लेझर या दोन संघांत चुरस होती, आणि गुण सारखे झाल्यास गोलफरकावर, म्हणजे केलेले गोल उणे खाल्लेले गोल या आकड्यावर, निर्णय होणार होता. शेवटच्या सामन्यांत एकाने ६१–१ असा आणि दुसऱ्याने ५५–१ असा विजय नोंदवला. नव्वद मिनिटांत ६१ गोल म्हणजे सरासरी दीड मिनिटाला एक; चेंडू जाळ्यातून काढून मध्यरेषेवर आणून ठेवायलाच त्यातला बराचसा वेळ जातो. गोवा फुटबॉल संघटनेने जिंकलेल्या आणि हरलेल्या अशा चारही क्लबांना वर्षभरासाठी निलंबित केले. येथे कचेरी आणि मैदान असा भेदच उरला नव्हता, लबाडी खेळाडूंच्या पायांनी सर्वांदेखत झाली होती, म्हणून वस्तुनिष्ठ जबाबदारीची चर्चा करण्याची गरजही पडली नाही.

उरतो तो काढून घेतलेल्या विजेतेपदाचा प्रश्न, आणि तेथे इटलीने एकाच प्रकरणात दोन निरनिराळे मार्ग अनुसरले. २००५ चे विजेतेपद कोणालाच दिले गेले नाही. २००६ चे मात्र त्या हंगामात गुणतक्त्यावर तिसऱ्या स्थानी असलेल्या इंटरला देण्यात आले, कारण वरचे दोघेही शिक्षेत अडकले होते. जुलै २०११ मध्ये पालाझी यांच्याच अहवालाने इंटरच्या तत्कालीन पदाधिकाऱ्यांच्या दूरध्वनी संभाषणांवरही ठपका ठेवला, परंतु मुदत उलटून गेली असल्याने त्याची सुनावणी झाली नाही. ज्यांच्यावर मुख्य रोख होता ते जाचिंतो फाकेत्ती २००६ च्या सप्टेंबरमध्येच निवर्तले होते आणि स्वतःची बाजू मांडू शकत नव्हते. इटलीच्या फुटबॉल महासंघाने विजेतेपद परत घेण्याचा अधिकार आपल्याला नसल्याचे सांगून विषय मिटवला. मोजी यांच्यावरील फौजदारी खटलाही असाच संपला; नेपल्सच्या न्यायालयाने दिलेली शिक्षा अपिलात कमी झाली, आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही आरोपांतून त्यांची मुक्तता करून उरलेले मुदत उलटल्यामुळे रद्द ठरवले. फुटबॉलमधली त्यांच्यावरची आजन्म बंदी मात्र कायम राहिली.

अपराध्याकडून काढून घेणे हे न्यायाचे काम आहे. ते दुसऱ्याच्या हाती देणे हा दुसरा निकाल होतो, आणि त्यासाठी त्या दुसऱ्याचीही तितकीच चौकशी व्हायला हवी. फ्रान्सने १९९३ ची जागा रिकामी ठेवली. दुसऱ्या स्थानावरच्या पॅरिस सें जर्मेंने ते विजेतेपद घेतले नाही, आणि विजेत्यांच्या यादीत त्या वर्षापुढे आजही नाव नाही. त्या रिकाम्या ओळीवरून फ्रान्समध्ये फारसे कोणी भांडत नाही. २०१२ साली युव्हेंटस पुन्हा इटलीचा विजेता झाला, तेव्हा महासंघाच्या नोंदीप्रमाणे ते त्याचे अठ्ठाविसावे विजेतेपद होते. पुढच्या हंगामाच्या जर्सीवर, क्लबच्या चिन्हाखाली, बारीक अक्षरांत शब्द विणले होते : ‘मैदानावर ३०’. मधल्या दोन विजेतेपदांपैकी २००५ च्या विजेतेपदावर दुसरा कोणताही क्लब हक्क सांगत नाही. २००६ च्या विजेतेपदावर तुरीन आणि मिलान या दोन शहरांतली माणसे आजही हक्क सांगतात.