धंदा वाढतो तेव्हा मालकाला काय शिकावं लागतं? जळगावच्या भवरलाल जैन यांच्या वाटचालीतून समजून घेऊ

आपल्या जळगाव-धुळ्याकडे धंदा टाकणाऱ्यांची कमी नाही. कुणाचं कृषी केंद्र आहे, कुणाची डेअरी, कुणाचं केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर, कुणाची रोपवाटिका. गेल्या काही वर्षांत तर प्रत्येक तालुक्यात शेतकरी उत्पादक कंपन्या उभ्या राहिल्या. पहिली दोन-तीन वर्षं काम जोरात चालतं. मग पसारा वाढतो, उधारी वाढते, माणसं वाढतात, आणि मालक मात्र पहिल्या दिवशी होता तसाच राहतो. चावी त्याच्याकडे, वही त्याच्याकडे, ट्रक भरायलाही तोच उभा. धंदा अडतो तो बहुतेक वेळा तिथंच.

याचा अभ्यास करायला पुण्या-मुंबईचं उदाहरण घ्यायची गरज नाही. जळगावात जैन इरिगेशन उभी करणारे भवरलाल जैन, म्हणजे आपल्याकडचे मोठे भाऊ, यांची वाटचाल नीट पाहिली तरी पुष्कळ कळतं. त्यात चढ आहे तसा उतारही आहे. उताराची बाजू आपण सहसा बोलत नाही, म्हणून इथं ती जास्त सांगतो.

सात हजार आणि रॉकेल

भवरलाल यांचा जन्म 1937 चा, जामनेर तालुक्यातल्या वाकोदचा. घर शेतकरी. ते वाणिज्य आणि कायदा शिकले. सरकारी नोकरीची संधी समोर होती, पण आईचा सल्ला ऐकून त्यांनी धंद्याची वाट धरली. 1963 साली घरातली पिढ्यांची शिल्लक, सात हजार रुपये, घेऊन त्यांनी जळगावात रॉकेल विकायला सुरुवात केली.

रॉकेल घेणारा गिऱ्हाईक कोण? खेड्यातला माणूस. त्यालाच खत लागतं, बियाणं लागतं, औषध लागतं, पाईप आणि ट्रॅक्टर लागतो. म्हणून पुढची पंधरा वर्षं दुकानातला माल बदलत गेला, वाढत गेला, पण गिऱ्हाईक तोच राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

1978 मध्ये त्यांनी केळीची पावडर करणारा एक बंद पडलेला कारखाना घेतला. त्यात केळी पावडर न करता पपईच्या चिकापासून पपेन तयार करायला सुरुवात केली. कच्च्या पपईला चिरा देऊन जो पांढरा चीक निघतो, तो वाळवून, शुद्ध करून त्याचं पपेन होतं. मांस मऊ करायला, औषधात, बिअरमध्ये ते वापरतात. हा माल परदेशी जायला लागला.

व्यापाऱ्यातून कारखानदार होणं म्हणजे स्वभाव बदलणं आहे. व्यापारी सकाळी माल घेतो, संध्याकाळी विकतो, नफा लगेच दिसतो. कारखान्यात पैसा महिनोन् महिने मशीनमध्ये अडकतो, आणि परदेशातला गिऱ्हाईक प्रयोगशाळेचा आकडा बघून माल परत पाठवू शकतो. तिथं गोड बोलणं, ओळखपाळख चालत नाही. आपल्यापेक्षा जास्त शिकलेल्या माणसाला पगार देऊन ठेवावं लागतं आणि त्याचं ऐकावं लागतं. आपल्याकडच्या किती मालकांना हे जमतं, तुम्हीच सांगा. 1980 पासून पीव्हीसी पाईपचं उत्पादन सुरू झालं तेव्हा हे शिक्षण कामी आलं.

ठिबक म्हणजे नुसती नळी नव्हे

1986 साली जैन इरिगेशन सिस्टिम्स ही कंपनी स्थापन झाली आणि ठिबकचं काम सुरू झालं. तेव्हा केळीला, उसाला पाटानं पाणी देणं म्हणजेच पाणी देणं. थेंबथेंब पाण्यावर केळीचा घड भरतो, यावर कोण विश्वास ठेवणार? शिवाय नळ्या नुसत्या विकून मोकळं झालं तर वर्षभरात ड्रिपर चोंदतात, उंदीर नळी कुरतडतात, आणि शेतकरी सगळं गुंडाळून बांधावर टाकतो. मग गावभर सांगतो, ठिबक बोगस आहे.

म्हणून इथं विक्रीची पद्धत वेगळी ठेवावी लागली. विहिरीला पाणी किती, जमीन काळी की मुरमाड, चढउतार कसा, पिकाचं अंतर किती, हे बघून आराखडा करायचा. फिल्टर कसा धुवायचा, आम्लाची प्रक्रिया कधी करायची, खत नळीतून कसं द्यायचं, हे शिकवायचं. त्यासाठी शेती शिकलेली पोरं नेमली. शिरसोली रोडवरच्या उजाड टेकडीवर, आजच्या जैन हिल्सवर, प्रत्यक्ष पीक उभं केलं. शेतकऱ्यानं यायचं, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. पुढं टिश्यू कल्चरची ग्रँड नैन केळी आली. पूर्वी दीड वर्ष थांबावं लागायचं, तिथं अकरा-बारा महिन्यांत घड कापणीला येऊ लागला. रावेर, यावल, चोपड्याच्या बागायतदाराला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

या टप्प्यावर मालकानं हातातली बरीच कामं सोडलेली होती. शेकडो गावांत एक माणूस पोचू शकत नाही, म्हणून डीलर, शेतीतज्ज्ञ, सर्व्हिसवाला अशी साखळी उभी राहिली होती. धंदा वाढवायचा म्हणजे आपल्यावाचून चालेल अशी व्यवस्था करायची, असं मी तरी यातून समजलो.

मग पाय घसरला

1991 नंतर देशात नवं वारं आलं. परवाने सुटले, शेअर बाजार चढला, पैसा मिळणं सोपं झालं. या काळात कंपनी फायनान्स, माहिती तंत्रज्ञान, ग्रॅनाइट अशा धंद्यांत शिरली. रॉकेलपासून ठिबकपर्यंतचा जो गिऱ्हाईक होता, त्याचा आणि या धंद्यांचा काही संबंध नव्हता. व्हायचं तेच झालं. तोटा झाला, कर्ज वाढलं, आणि ठिबकच्या चांगल्या चालणाऱ्या कामातला पैसाही त्यात ओढला गेला.

ही चूक आपल्याकडे रोज दिसते, फक्त आकार लहान असतो. डेअरी चांगली चालली की मालक प्लॉटिंगमध्ये पैसा टाकतो. कृषी केंद्रवाला हॉटेल काढतो. चार पैसे हातात आले की आपल्याला सगळंच कळतं असं वाटायला लागतं. गिऱ्हाईकही तसं बोलतात, शेठ, तुम्ही हात लावला की सोनं होतं!

भवरलाल यांनी नंतर जे केलं ते मला त्यांच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा मोठं वाटतं. आपण वाट चुकलो, असं त्यांनी भागधारकांना उघडपणे सांगितलं आणि माफी मागितली. आपल्या भागात घरातल्या भावाजवळ चूक कबूल करायला दहा वर्षं लागतात, त्यात वाटणी होऊन जाते. इथं कंपनीचा प्रमुख हजारो लोकांपुढं सांगत होता. मग जे धंदे आपले नव्हते ते बंद केले किंवा काढून टाकले. सावरायला बरीच वर्षं लागली. 2002 मध्ये अ‍ॅक्वा इंटरनॅशनल पार्टनर्स या अमेरिकी फंडाला कंपनीत हिस्सा देऊन पैसा आणला आणि कर्जाची घडी बसवली. स्वतः उभ्या केलेल्या कंपनीत बाहेरच्याला बसवणं सोपं नसतं. तेही त्यांनी गिळलं.

पुढची वर्षं भरभराटीची. इस्रायलच्या नानदान कंपनीत 2007 मध्ये अर्धा हिस्सा घेतला, 2008 मध्ये पद्मश्री मिळाली, 2012 मध्ये जैन हिल्सवर गांधीतीर्थ उभं राहिलं. चारही मुलांना त्यांनी हयातीतच वेगवेगळ्या जबाबदाऱ्या दिल्या. फेब्रुवारी 2016 मध्ये ते गेले.

कागदावर नफा, गल्ला रिकामा

गोष्ट इथं थांबवली तर अर्धीच होईल. 2019 मध्ये कंपनी कर्जाचे हप्ते वेळेवर देऊ शकली नाही. 2022 मध्ये बँकांबरोबर कर्जाची पुनर्रचना झाली. 2023 मध्ये परदेशातला सिंचनाचा धंदा रिव्हुलिस या कंपनीत विलीन केला, त्यात सुमारे 22 टक्के हिस्सा स्वतःकडे ठेवला, आणि कर्जाचं ओझं उतरवलं.

या वेळी परका धंदा केला नव्हता. मग काय झालं? कारण एकच नसतं, पण मोठं कारण आपल्या ओळखीचं आहे: येणं बाकी. ठिबकला केंद्राच्या योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकाला 55 टक्के, इतरांना 45 टक्के अनुदान असतं. त्यावर राज्याची भर वेगळी. हे पैसे वेळेवर आले तर ठीक. उशीर झाला की माल शेतात जातो, विक्री वहीत लागते, नफाही दिसतो, पण पैसा येत नाही. तोवर बँकेचं व्याज थांबत नाही.

कृषी केंद्राचं बघा. समजा हंगामात दहा लाखांचा माल गेला, वहीत लाखभर नफा दिसतो. पण सात लाख उधारीत आहेत आणि वसुली केळी कापल्यावर. कंपनीला मालाचे पैसे आज द्यायचे आहेत. दुकानदार व्याजानं पैसे काढतो आणि नफ्याचा लाख व्याजात जातो. विक्री जितकी वाढेल तितका खड्डा वाढतो. छोट्या दुकानाला जे लागू आहे तेच मोठ्या कंपनीला.

आपल्या गावच्या कंपन्या

शेतकरी उत्पादक कंपन्यांत संस्थापकाची अडचण अजून वेगळी आहे. दहा शेतकरी एकत्र आले की कंपनी होते, संचालक किमान पाच, जास्तीत जास्त पंधरा. पण बहुतेक ठिकाणी ती एका माणसाच्या नावानं ओळखली जाते. कायद्यानं पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमणं बंधनकारक आहे, आणि तो सभासदांपैकी नसावा असंही त्यात लिहिलेलं आहे. अनेक ठिकाणी हे पद नावाला भरतात. पगार आठ-दहा हजार, सही अध्यक्षाची, चेकबुक अध्यक्षाच्या घरी. पोरगा सहा महिन्यांत सोडून जातो. मग अध्यक्ष म्हणतो, चांगली माणसं मिळत नाहीत.

वार्षिक सभा साधारण सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यायची असते. तिथं सभासदांनी नफा किती, एवढंच विचारून चहा पिऊन उठू नये. तीन महिन्यांपेक्षा जुनी उधारी किती आणि कुणाकडे, ती यादी मागा. व्याजात वर्षाला किती गेले ते विचारा. आणि अध्यक्ष महिनाभर आजारी पडले तर खरेदी केंद्र चालेल का, हाही प्रश्न विचारा. उत्तर अध्यक्षांऐवजी कार्यकारी अधिकाऱ्याला देऊ द्या. त्याला आकडे पाठ असतील तर बघायला मिळेल, नसतील तरीही.