मिरज : दवाखान्यांचं गाव
मिरजेची वैद्यकीय परंपरा मला फार जवळची वाटते, म्हणून थोडं लिहितो.

विल्यम वानलेस हे मिशनरी डॉक्टर 1889 मध्ये भारतात आले. आधी सांगलीत छोटा दवाखाना, मग मिरज. 1894 मध्ये इथं त्यांचं मिशन हॉस्पिटल उघडलं. पुढं त्यांनी वैद्यकीय शिक्षणही सुरू केलं आणि इथं शिकलेली माणसं बाहेर जाऊन रुग्णसेवा करू लागली. माझ्या मते हेच त्यांचं सर्वांत मोठं काम! क्षयरोग्यांसाठी सांगली-मिरजेच्या मधे आरोग्यधाम उभं राहिलं. तिथल्या वानलेसवाडीचं नावही वानलेस यांच्यावरूनच पडलं. 1928 मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला.

मिरजच का वाढलं? डॉक्टरांचा हातगुण होताच, पण रेल्वे जंक्शनही होतं. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर, सगळीकडून गाडी थेट मिरजेत. आजही दवाखान्यांच्या गल्लीत फिरा : पाट्यांवर मराठीशेजारी कन्नड अक्षरं, औषधाच्या दुकानात दोन्ही भाषांत चाललेली विचारपूस, हातात एक्स-रेचं पाकीट घेऊन पत्ता शोधणारे नातेवाईक.

1962 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. पुढच्या काळात खासगी रुग्णालयं भराभर वाढली.

तुमच्या घरातलं कुणी उपचारांसाठी मिरजेला आलं होतं का? आठवणी नक्की लिहा.