पासलीतून आकाशगंगा टिपताना

तोरण्याच्या परिसरातल्या पासलीत पुण्याचा उजेड ईशान्येकडून येतो, म्हणून कॅमेरा दक्षिणेकडे वळवा. आकाशगंगेचा सर्वांत दाट पट्टाही तिकडेच, वृश्चिकाची नांगी आणि धनू राशीच्या मधोमध दिसतो. इथून तो जास्तीत जास्त ४३ अंश वर येतो. मार्चमध्ये त्यासाठी पहाटे उठावं लागतं, मेमध्ये मध्यरात्रीनंतर तो चांगला वर असतो. जूनपासून ढग. अमावास्येच्या आसपासच्या रात्रीच निवडा, चंद्रप्रकाशात पट्टा फिका पडतो.

महागडी लेन्स नसली तरी अडत नाही, ट्रायपॉड मात्र हवाच. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ लेन्स १८ मिलिमीटरवर, छिद्र एफ ३.५, आयएसओ ३२००, शटर १८ सेकंद, फाइल रॉ: सुरुवात इथून करा. पृथ्वी फिरते, त्यामुळे शटर याहून फार वेळ उघडं राहिलं तर ताऱ्यांच्या रेघा होतात. अंदाजासाठी ५०० ला फोकल लांबीने भागतात. लहान सेन्सरसाठी ती आधी दीडपट धरायची: ५०० भागिले २७.

नवख्यांचे बहुतेक फोटो फोकसमुळे बिघडतात. अंधारात ऑटोफोकस चाचपडतो. तो बंद करा, स्क्रीनवर एखादा ठळक तारा मोठा करून पाहा (हिवाळ्यात व्याध, उन्हाळ्यात अभिजित) आणि तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग हळूहळू फिरवा. दोन सेकंदांचा टायमर लावला की बोटाचा धक्का लागत नाही. बॅटरीवर लाल जिलेटिन बांधा. डोळ्यांना अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, ती पांढऱ्या झोतात वाया जातात.