भिंत वाकली ती एकदाच

मध्य रेल्वेच्या लोकलने सीएसएमटीकडे जाताना शेवटून दुसरे स्टेशन लागते ते मस्जिद. डोक्यावर पाटी घेऊन, खांद्यावर गोणी टाकून आपल्यापैकी कितीजण तिथे उतरले असतील याची गणती नाही. या स्टेशनाजवळच सॅम्युएल स्ट्रीटवर सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली बांधलेले सिनेगॉग, म्हणजे ज्यू लोकांचे प्रार्थनास्थळ आहे. बेने इस्रायल लोक त्याला मशीदच म्हणत आणि स्टेशनाचे नावही त्यावरूनच पडले, असे सांगतात. कोकणात हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव दिले. धर्मापायी त्यांची वस्ती इथे कोणी जाळली नाही.

युरोपातल्या त्यांच्या धर्मबांधवांच्या नशिबी मात्र दुसरेच जिणे आले. ते जिणे ज्या दगडांनी पाहिले, ते दगड आजही उभे आहेत. बंधू-भगिनींनो, चला, आज आपण घरबसल्या जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठी एका दिवसाची सहल करून येऊ.

लसणाच्या नावाची तीन शहरे

या नदीकाठी श्पायर, वर्म्स आणि माइंझ अशी तीन जुनी शहरे आहेत. मध्ययुगात इथल्या ज्यू वस्त्या विद्येसाठी सगळ्या युरोपात नावाजलेल्या होत्या. तिन्ही शहरांच्या हिब्रू नावांची पहिली अक्षरे जोडली की ‘शूम’ असा शब्द तयार होतो. हिब्रूत शूम म्हणजे लसूण! २०२१ साली युनेस्कोने या तीन शहरांतल्या ज्यू वास्तूंना जागतिक वारशाचा दर्जा दिला. श्पायर आणि वर्म्स रेल्वेने जोडलेली आहेत, तेव्हा सकाळी एक आणि दुपारी दुसरे शहर सहज पाहून होते. तिथल्या दगडांना बोलते करणारे मार्गदर्शकही मिळतात.

दहा मीटर जमिनीखाली

सकाळी श्पायर. शहराचे प्रचंड कॅथेड्रल मागे टाकून थोडे चालले की ‘युडेनहोफ’, म्हणजे ज्यूंचे अंगण लागते. इथे ११०४ साली उघडलेल्या सिनेगॉगच्या भिंती आहेत. तेराव्या शतकात तिला लागून स्त्रियांसाठी वेगळी खोली बांधली गेली. खरी पाहण्यासारखी गोष्ट मात्र जमिनीखाली आहे. तिचे नाव मिक्वे. हे स्नानकुंड साधारण ११२० च्या सुमाराचे आहे.

मिक्वेतले स्नान अंग स्वच्छ करण्यासाठी नसते. अंग आधीच धुवून यायचे असते. मासिक पाळीनंतर, बाळंतपणानंतर आणि लग्नाआधी स्त्रिया इथे डुबकी मारीत. भरून ठेवलेले पाणी चालत नाही, पाणी निसर्गातून आपोआप आलेले हवे, असा नियम आहे. म्हणून गवंड्यांनी भूजल लागेपर्यंत सुमारे दहा मीटर खोल खणले आणि पायऱ्यांचा दगडी जिना बांधला. मध्ये कपडे ठेवायची जागा, भिंतीत कोरीव खांबाची जोडखिडकी आणि तळाशी स्वच्छ, गार पाणी. ऐन थंडीत दिव्याच्या उजेडात या पायऱ्या उतरणाऱ्या बायांची कल्पना केली की अंगावर शहारा येतो. जिन्यातून वर येताना आपलाही दम लागतो, त्या तर ओल्या अंगाने चढत होत्या!

दिलेली भिंत

ज्यू या गावी आले कसे, ही कहाणी ऐकण्यासारखी आहे. १०८४ साली श्पायरचा बिशप रुडिगर याने त्यांना सनद देऊन बोलावले. ज्यू वसले की गावाची प्रतिष्ठा हजारपटीने वाढेल, असे त्याने त्या सनदेत लिहून ठेवले आहे. त्यांचा व्यापार आणि दूरदूरच्या गावांशी असलेली ओळख त्याला हवी होती. त्याने त्यांना जागा दिली, दफनभूमी दिली, त्यांचे तंटे त्यांच्याच न्यायाने मिटवायची मुभा दिली. जमावाचा त्रास होऊ नये म्हणून वस्तीभोवती भिंतही बांधून दिली. मोबदल्यात दरसाल साडेतीन पौंड चांदीची नाणी भरायची होती. १०९० साली सम्राट चौथा हेन्री याने या सवलतींवर आपली मोहोर उमटवली.

त्यानंतर सहाच वर्षांनी, १०९६ मध्ये, पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या झुंडी जेरुसलेमच्या वाटेवर ऱ्हाईनकाठी आल्या. श्पायरमध्ये ११ ज्यू मारले गेले. तिथल्या योहान नावाच्या बिशपने बाकीच्यांना आसरा दिला आणि काही मारेकऱ्यांचे हात तोडले. वर्म्समध्ये बिशपच्या वाड्यात आश्रयाला गेलेलेही वाचले नाहीत. तिथे सुमारे ८०० माणसे मेली. माइंझमध्ये त्याहून अधिक. बाप्तिस्मा घे नाहीतर मर, एवढेच दोन पर्याय होते. अनेकांनी आपल्या हाताने लेकरांचा आणि स्वतःचा शेवट केला. ज्यांना जबरीने ख्रिस्ती केले होते त्यांना परत आपल्या धर्मात जायची परवानगी सम्राटाने पुढच्या वर्षी दिली. पण गेलेली माणसे परत कशी येणार?

सनद खोटी नव्हती, भिंतही खरी होती. पण ती कुणाच्या तरी मर्जीने मिळालेली होती. मर्जीचा माणूस कमजोर पडला की भिंतही कोसळते, हे तिथे उभे राहिल्यावर कळते.

वाकलेली भिंत

दुपारी वर्म्स. शहराच्या जुन्या तटाला लागून वळत गेलेली ज्यू आळी अजून आहे. तिथल्या सिनेगॉगचा १०३४ सालचा शिलालेख शाबूत आहे. त्यात बांधणाऱ्या याकोबच्या नावाबरोबर राहेल या त्याच्या बायकोचेही नाव कोरलेले आहे. हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर बायकोचे नाव! आजच्या इमारतीचा मूळ आराखडा ११७५ च्या सुमाराचा. १०६० च्या आसपास फ्रान्समधून एक तरुण शिकायला वर्म्सला आला होता. हाच तो राशी. अवघड शब्द आला की तो त्याचा अर्थ आपल्या मुलखातल्या लोकांच्या बोलीत, जुन्या फ्रेंचमध्ये सांगे. म्हणूनच त्याची टीका साध्या माणसालाही समजली. तालमूद हा ग्रंथ छापताना पानाच्या कडेला राशीची टीका आजही छापली जाते.

सिनेगॉगच्या बाहेरच्या भिंतीत एक खोलगट जागा दाखवतात. तिची दंतकथा अशी. एक गरोदर ज्यू बाई या अरुंद बोळातून चालली होती. समोरून भरधाव गाडी आली. बाजूला सरायला जागा नव्हती. तेव्हा भिंतीलाच दया आली. ती आत वाकली आणि बाईला पोटात घेतले. पुढे त्या बाईच्या पोटी मोठा विद्वान जन्मला. कोणी सांगतात तो राशी, कोणी सांगतात येहुदा हसीद. ही कथा ज्यांनी रचली, त्यांनी गाड्या अंगावर येताना पुष्कळ वेळा पाहिल्या असणार. भिंत वाकली ती मात्र एकदाच, आणि तीही कथेत.

खऱ्या भिंतींनी उलटेच केले. १२१५ साली रोमच्या लॅटरन परिषदेने ज्यूंनी वेगळा ओळखू येईल असा पोशाख घालावा, असा हुकूम काढला. १३४८ साली सम्राट चौथा कार्ल याने वर्म्सच्या ज्यूंचा हक्क मालमत्तेसारखा शहराच्या हवाली केला. दुसऱ्याच वर्षी प्लेगची आवई उठली, विहिरींत विष कालवल्याचा आळ आला आणि ती वस्ती आगीत संपली. काही वर्षांनी वाचलेले लोक परत आले आणि पुन्हा वसले. पुढे राहणीच सक्तीने बंदिस्त झाली. १५१६ साली व्हेनिसमध्ये अशा वस्तीला ‘घेट्टो’ हे नाव पडले. बाबासाहेबांनी अस्पृश्यांना ‘भारताच्या घेट्टोची मुले’ म्हटले, तो शब्द इथला.

डुल्सियाचा संसार

या आळीत डुल्सिया नावाची बाई राहत होती. नवरा एलाझार मोठा विद्वान, पण घर चालवायची ती. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विश्वासाने ठेवलेल्या पैशांवर व्यवहार करायचा, धर्मग्रंथांची भेंडोळी शिवायची, दिव्यांच्या वाती करायच्या, नवऱ्याच्या विद्यार्थ्यांना जेवू घालायचे आणि बायकांना प्रार्थना शिकवायची, हे सगळे तिच्याकडे. ११९६ साली घरात हल्लेखोर शिरले. डुल्सिया मदतीसाठी बाहेर धावली आणि मारली गेली. १३ वर्षांची बेलेट आणि ६ वर्षांची हाना या तिच्या मुलीही गेल्या. तिची रोजची कामे आपल्याला माहीत आहेत, कारण एलाझारने तिच्यावर शोकगीत लिहिले आणि त्यात ती एकेक करून मोजली. लहानग्या हानाला शिवणकाम येत होते, हेही त्याने लिहून ठेवले आहे. मध्ययुगातल्या किती कष्टकरी बायांची अशी नोंद राहिली?

या लोकांनी आपसातले नियमही केले. माइंझचे गुरू गेर्शोम (निधन १०२८) यांच्या नावाने तीन नियम चालत आले: दुसरी बायको करू नये, बायकोच्या संमतीशिवाय तिला काडीमोड देऊ नये, दुसऱ्याचे पत्र उघडून वाचू नये. १२२० च्या दशकात तिन्ही शहरांच्या पंचांनी एकत्र बसून सामाईक नियम ठरवले. समाजाच्या वर्गणीतून कोणी अंग काढून घेऊ नये, असाही त्यांतला एक होता.

दोन शेजारी कबरी

सहलीचा शेवट जुन्या तटाबाहेरच्या दफनभूमीत होतो. तिला ‘पवित्र वाळू’ म्हणतात. अकराव्या शतकापासूनचे सुमारे अडीच हजार दगड इथे गवतात तिरपेतारपे उभे आहेत.

दोन दगडांसमोर मात्र सगळे थांबतात. एक आहे रोथेनबुर्गच्या मेईर या गुरूचा. जाचाला कंटाळून ज्यू देश सोडून निघाले, तेव्हा १२८६ साली मेईरही निघाले. वाटेत ते पकडले गेले आणि राजा रुडॉल्फने त्यांना कैदेत टाकले. ज्यू म्हणजे राजाच्या खजिन्याचे नोकर, ते गेले तर कर बुडेल, हा हिशेब. समाजाने मोठी खंडणी जमवली. पण परंपरा सांगते, मेईरनीच नकार दिला. आज माझ्यासाठी पैसे दिले तर उद्या राजे आपला प्रत्येक गुरू पकडतील, हे त्यांनी ओळखले होते. ते १२९३ साली तुरुंगातच वारले.

राजाने देहही सोडला नाही. चौदा वर्षे! १३०७ साली अलेक्झांडर नावाच्या ज्यू गृहस्थाने पदरचे पैसे भरून तो सोडवला. मोबदल्यात त्याने एकच मागितले, मेल्यावर मला त्यांच्या शेजारी पुरा. त्याच वर्षी तो वारला. आज दोघांचे दगड खांद्याला खांदा लावून उभे आहेत. त्यांवर लोकांनी ठेवलेले खडे आणि चिठ्ठ्या असतात. ज्यू लोक कबरीवर खडा ठेवतात.

वर्म्सचे ते सिनेगॉग नाझींनी १९३८ साली जाळले आणि नंतर पाडले. हिटलरच्या राजवटीत आळी ओस पडली. शहराचा दप्तरदार फ्रीडरिश इलर्ट याने जुनी कागदपत्रे आणि १२७२ सालचा हस्तलिखित प्रार्थनाग्रंथ लपवून वाचवला. मिळाले तेवढे जुने दगड वापरून १९६१ साली सिनेगॉग पुन्हा उभे राहिले.

कोणाचे मुलगे-मुली तिकडे नोकरीला असतील आणि जाण्याचा योग आला, तर शनिवार टाळा. त्या दिवशी दफनभूमी बंद असते. पुरुषांनी डोक्यावर टोपी ठेवावी. निघताना वाटेतला एक खडा उचलून त्या जोडकबरीवर ठेवा. सम्राटांच्या सनदा केव्हाच निकामी झाल्या. एका माणसाने नाकारलेली सुटका आणि दुसऱ्याने फेडलेले ऋण मात्र सातशे वर्षांनंतरही त्या वाळूत उभे आहे.