चमकीएवढी सूट

डर्बन गर्ल्स हायस्कूलच्या नियमावलीत दागिन्यांचं एक कलम होतं. कानात साधी गोल कुडी किंवा बारीक बाळी चालेल. पण प्रत्येक कानाला एकच, दोन्ही बाजूंना सारख्या पातळीवर, आणि खडा नको. मनगटावर घड्याळ चालेल, पण तेही साधं, शाळेच्या रंगांत खपून जाणारं. आजाराची माहिती देणारी वैद्यकीय चकती चालेल. याखेरीज कुठलाही दागिना चालणार नाही. लिहिणाऱ्यांनी मुलींच्या कानाची पाळी आणि मनगट किती बारकाईने पाहिलं असेल! नाक मात्र त्यांना आठवलंच नाही. ते ‘याखेरीज’मध्ये गेलं.

सप्टेंबर 2004च्या सुट्टीत या शाळेतल्या एका मुलीने आईच्या परवानगीने नाक टोचून घेतलं. ऑक्टोबरात शाळा उघडली तेव्हा तिच्या नाकात सोन्याची बारीक चमकी होती. तीन वर्षांनी, 5 ऑक्टोबर 2007 रोजी, दक्षिण आफ्रिकेच्या सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने त्या चमकीवर निकाल दिला. हे न्यायालय जोहान्सबर्गच्या टेकडीवर जुन्या तुरुंगाच्या आवारात बांधलेलं आहे. त्याच तुरुंगात कधीकाळी गांधीजींना आणि मंडेलांना ठेवलं होतं. तिथपर्यंत एक चमकी पोचली, आणि पोचल्यावर कुणी हसलं नाही. न्यायमूर्तींनी तिच्यावर पानंच्या पानं लिहिली. शाळेच्या गणवेशाबद्दल इतका खोल विचार मी तरी दुसरीकडे वाचलेला नाही.

आधी ती चमकी डर्बनला आली कशी ते पाहू. 16 नोव्हेंबर 1860 रोजी ‘ट्रुरो’ नावाचं जहाज मद्रासहून डर्बनच्या बंदराला लागलं. नाताळमधल्या उसाच्या मळ्यांसाठी करारावर आणलेले 342 हिंदी मजूर त्यात होते. मागून आणखी जहाजं आली, आणि तमिळ, तेलुगू, भोजपुरी बोलणारी माणसं तिथलीच झाली. मुलगी वयात आली की नाक टोचायचं, ही चाल त्यांच्यातल्या काही घरांनी चार-पाच पिढ्या सांभाळली. या घरातही ती होती. मुलगी सोळा वर्षांची झाली की आजी तिची सोन्याची चमकी काढून हिऱ्याची घालणार, असंही ठरलेलं होतं. आईने शाळेला लिहून कळवलं, की ही फॅशन नव्हे. पूर्वी याचा अर्थ मुलगी लग्नाला आली असा होता, आता ती जाणती झाली म्हणून घरच्यांनी केलेला हा तिचा मान आहे.

गणवेश डर्बनला आला तो अगदी वेगळ्या वाटेने. लंडनमध्ये 1552 साली गरीब आणि अनाथ मुलांसाठी ‘क्राइस्ट्स हॉस्पिटल’ नावाची शाळा स्थापन झाली. तिथल्या मुलांना लांब निळा डगला आणि पिवळे मोजे मिळत. धर्मादाय शाळेतलं पोर दुरूनच ओळखू यावं, अशी ती खूण होती. पुढे एकोणिसाव्या शतकात श्रीमंतांच्या निवासी शाळांनी गणवेश उचलला आणि त्याची किंमतच पालटली. गरिबीची खूण होती ती प्रतिष्ठेची झाली. मग साम्राज्य जिथे जिथे गेलं तिथे टाय आणि ब्लेझर गेले, उकाड्यातसुद्धा. वर्णभेदाच्या काळात ही डर्बनची शाळा फक्त गोऱ्या मुलींची होती. साहजिकच तिची शिस्त, तिचे रंग, ‘साधा’ दागिना कशाला म्हणायचं याची तिची कल्पना, सगळं त्या घरांतून आलेलं होतं.

आता भांडण कुणाचं, हे पाहू. वरवर ते आई विरुद्ध शाळा असं दिसतं. पण दक्षिण आफ्रिकेच्या 1996च्या शाळा कायद्याने नियमावली करण्याचं काम मुख्याध्यापिकेकडे ठेवलेलं नाही. ते शाळेच्या नियामक मंडळाकडे आहे, आणि त्या मंडळात पालकांची संख्या बाकी सगळ्या मतदार सदस्यांच्या बेरजेहून एकाने जास्त असावी लागते. म्हणजे कानातल्या कुड्यांची पातळी ठरवणारेही पालकच. (आपल्याकडच्या शाळा व्यवस्थापन समितीत तर शिक्षण हक्क कायद्याने तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. महाराष्ट्रात 2024 साली सरकारी शाळांसाठी ‘एक राज्य एक गणवेश’ आला, तेव्हा गणवेशाचं काम या समित्यांच्या हातून वर गेलं. गणवेश उशिरा पोचले, मापं चुकली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते पुन्हा समित्यांकडे आलं.) भरीला, डर्बनच्या या आईने 2002 साली प्रवेश घेताना, मुलगी नियम पाळेल असं सही करून दिलेलं होतं. शाळेचा हा मुद्दा हलका नव्हता. नियम पालकांनीच केला, तुम्ही तो मान्य केलात, आता तुमच्यापुरता मोडता येणार नाही.

शाळा दुष्टपणे वागली असंही दिसत नाही. तिने आईकडून लेखी खुलासा मागवला, जाणकारांचा सल्ला घेतला आणि मग नकार दिला. प्रांताच्या शिक्षण खात्याने शाळेची बाजू घेतली. शिस्तभंगाच्या सुनावणीची वेळ आली तेव्हा आई समता न्यायालयात गेली. भेदभावाचे खटले चालवण्यासाठी 2000 साली झालेल्या कायद्याखाली ही न्यायालयं आहेत. तिथे ती हरली. पीटरमारित्सबर्गच्या उच्च न्यायालयात, 2006 साली, जिंकली. मग शिक्षण खातं आणि शाळा घटनात्मक न्यायालयात गेले.

तिथे मुख्य निकाल लिहिला तो सरन्यायाधीश पायस लांगा यांनी. तरुणपणी त्यांनी शर्टांच्या कारखान्यात काम केलं होतं, नंतर कोर्टात दुभाष्याचं. कायदा त्यांनी नोकरी करता करता शिकून घेतला. गणवेशाचा खटला त्यांच्यापुढे यावा हा योगायोगच, पण मला तो आवडतो.

त्यांच्यापुढचा पहिला पेच असा. नियम सगळ्यांना सारखाच लागू आहे, चमकी कुणालाच चालत नाही. मग यात भेदभाव कुठे? लांगांनी विचारलं, की तुलना कुणाशी करायची? ज्या मुलींच्या घरच्या चालीरीतींना या नियमावलीचा कुठेच अडथळा होत नाही, त्यांच्याशी. त्या मुलींना कानातल्या कुडीची परवानगी आधीच मिळालेली आहे. ती सूट आहे हे त्यांना कळतसुद्धा नाही, कारण ती नियमाच्या पोटातच शिवलेली आहे. या मुलीला मात्र तिची सूट मागून घ्यावी लागते, पत्र लिहावं लागतं, आजीचा हिरा अनोळखी लोकांना समजावून सांगावा लागतो. नियम शब्दशः सगळ्यांना सारखा असूनही त्याचं माप कुणाच्या तरी अंगावरून घेतलेलं असतं. हे एकदा लक्षात आलं की कुठल्याही शाळेची नियमावली पूर्वीसारखी वाचता येत नाही.

दुसरा पेच जास्त अवघड. तज्ज्ञांनी सांगितलं, की चमकी हिंदू धर्मात सक्तीची नाही. कितीतरी हिंदू मुली ती घालत नाहीत. मग ऐच्छिक गोष्टीला घटनेचं संरक्षण कशाला? लांगांनी हा युक्तिवादच उलटा केला. धर्माने बजावलं म्हणून केलेली गोष्ट जपायची आणि माणसाने स्वतःहून निवडलेली गोष्ट सोडून द्यायची, हे कसं? स्वेच्छेने केलेल्या गोष्टीत तर माणूस उलट जास्त असतो. न्यायालयाने पोथी उघडायची नाही, एवढंच पाहायचं की समोरची व्यक्ती मनापासून बोलते आहे का.

मग मनापासून आहे हे ओळखायचं कसं? मुलगी स्वतः साक्षीला आलीच नव्हती. सगळं आई बोलत होती. न्यायालयाने याबद्दल स्पष्ट नापसंती नोंदवली. ज्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे त्याचंच म्हणणं ऐकायला मिळायला हवं, मुलांच्या बाबतीत तर विशेष. आई-बाप आणि शाळा भांडतात तेव्हा ज्याच्या अंगावर तो गणवेश असतो त्याला कुणी विचारत नाही, ही गोष्ट न्यायालयातही तशीच राहिली होती. अखेर न्यायमूर्तींनी तिच्या वागण्यावरून अंदाज बांधला. शिस्तभंगाची टांगती तलवार होती, वर्तमानपत्रं मागे लागली होती, तरी तिने चमकी काढली नाही. तेवढ्यावरून तिचं मन त्यांनी मान्य केलं.

आणि मग शाळेची खरी भीती. आज चमकी, उद्या जटा, परवा अंगभर टोचलेल्या कड्या, तेरवा कुणी लंगोटी नेसून येईल. हा युक्तिवाद प्रत्येक शाळेत, प्रत्येक पालकसभेत ऐकू येतो. लांगांनी उत्तर दिलं, की आणखी मुलं आपापल्या खऱ्या चालीरीती घेऊन शाळेत यायला धजावली, तर घाबरायचं कशाला, आनंदच मानायला हवा. न्यायाधीश असं लिहितात? पण हा देश तेव्हा वर्णभेदातून बाहेर पडून पुरती पंधरा वर्षंही झाली नव्हती. कुणी कुठे बसायचं, कुणी कुठल्या दाराने जायचं, हे कातडीवरून ठरवणारे नियम त्या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी अनेकांनी स्वतः भोगलेले होते.

चमकीमुळे शिस्त बिघडली किंवा शिक्षणाचा दर्जा घसरला, याचा पुरावा काही शाळेला देता आला नाही. दुसऱ्या शाळेत जा, हा पर्यायही न्यायालयाने फेटाळला.

निकालाचा मला सर्वांत चकित करणारा भाग म्हणजे त्याने काय केलं नाही तो. दागिन्यांचं कलम रद्द झालं नाही. गणवेशाला धक्का लागला नाही. उलट गणवेशाचा हेतू चांगलाच आहे, असं निकालात म्हटलं आहे. शाळेला सांगितलं ते एवढंच: नियमावलीत धर्म आणि संस्कृतीच्या कारणाने सूट मागण्याची रीत लिहून काढा. दोष नियमात नव्हता. नियमाला दार नव्हतं, हा दोष होता.

न्यायमूर्ती केट ओ’रीगन यांना हे सगळं पटलं नाही. त्यांच्या मते चमकीचा प्रश्न धर्माचा नव्हता, संस्कृतीचा होता, आणि दोन्हींना एकाच मापाने मोजता येत नाही; धर्म एकट्याचा असू शकतो, संस्कृतीला मात्र सोबतीला माणसं लागतात. मला त्यांची शंका सोडवत नाही. कारण बहुमताच्या निकालाचं एक चमत्कारिक टोक आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय, की ही सूट खऱ्या धार्मिक आणि सांस्कृतिक चालींपुरतीच आहे. म्हणजे एकाच सोनाराकडच्या, एकाच वजनाच्या दोन चमक्या एकाच वर्गात बसल्या, तर एक राहील आणि एक काढावी लागेल. जिच्या घरात आजीची गोष्ट आहे ती जिंकली. जिला आरशात बघून नुसतं ‘मला छान दिसतं’ एवढंच म्हणायचं आहे, तिच्यासाठी या निकालात काही नाही. माझ्या मते ‘छान दिसतं’ हेसुद्धा सोळाव्या वर्षी पुरेसं गंभीर कारण असतं, पण त्यासाठी कुठली घटना अजून लिहिली गेलेली नाही.

शाळेच्या बाजूने विचार करायचा तर इंग्लंडमधल्या ल्यूटनचं डेन्बी हायस्कूल पाहावं. तिथल्या बहुसंख्य मुली मुस्लिम. शाळेने स्थानिक मशिदींशी बोलून सलवार-कमीज गणवेशात घेतली होती, शाळेच्या रंगाचा स्कार्फही चालत होता. एक मुलगी दोन वर्षं तोच गणवेश घालून आली आणि सप्टेंबर 2002मध्ये, भावाला सोबत घेऊन, पायघोळ जिलबाब घालायची परवानगी मागू लागली. हा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि मार्च 2006मध्ये शाळा जिंकली. फरक सरळ आहे: या शाळेने दार आधीच बनवलं होतं, आणि त्याची रुंदी शेजाऱ्यांना विचारून ठरवली होती. दुसरीही एक गोष्ट लॉर्ड्सनी ध्यानात घेतली. जिलबाबला परवानगी दिली तर तोच घाला म्हणून आपल्यावर दबाव येईल, अशी भीती काही मुलींनी शाळेकडे बोलून दाखवली होती. चमकीवरून असला दबाव येत नाही. गणवेशाच्या भांडणात एका मुलीची मोकळीक मोजताना शेजारच्या बाकावरचीही मोजावी लागते, हे डर्बनमध्ये दिसलं नव्हतं ते ल्यूटनमध्ये दिसलं.

डर्बनच्या चमकीचा पुढचा प्रवास मात्र कुणी कल्पना केली नसेल असा झाला. 1860 साली सुरू झालेला रस्ता उलटा फिरला. कर्नाटकातल्या महाविद्यालयांत हिजाबवरून वाद पेटला, तेव्हा मुलींच्या बाजूने वकील देवदत्त कामत यांनी बेंगळुरूच्या उच्च न्यायालयात हाच दक्षिण आफ्रिकेचा निकाल पुढे ठेवला. तमिळ घरातल्या हिंदू मुलीची चमकी मुस्लिम मुलींच्या डोक्यावरच्या कापडासाठी साक्षीला उभी राहिली. मार्च 2022मध्ये उच्च न्यायालयाने तो दाखला बाजूला सारला. तिथे प्रश्न चमकीचा होता, आणि चमकी डोळ्यांत भरण्याइतकी मोठी नसते, असं एक कारण दिलं.

म्हणजे सूट मिळायची की नाही हे वस्तूच्या आकारावर ठरतं? लांगांच्या निकालातला प्रश्न तर मनाचा होता, मिलिमीटरचा नव्हे. आणि मिलिमीटरचाच असेल, तर तो ल्यूटनसारखा, आधी शेजाऱ्यांशी बोलून ठरवायला हवा होता. सर्वोच्च न्यायालयातही कामतांनी चमकीचा दाखला पुन्हा दिला. 13 ऑक्टोबर 2022 रोजी न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांनी मुलींची अपिलं फेटाळली, न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी ती मान्य केली, आणि योग्य खंडपीठ नेमण्यासाठी प्रकरण सरन्यायाधीशांपुढे ठेवण्याचा आदेश झाला.